दिव्यावरचा पडदा

पडदेकाकांचा हात लागला नाही अशी खिडकी त्या भागात शोधून सापडली नसती. तीस वर्षं झाली, पडदे शिवायचे आणि ते स्वतः जाऊन लावायचे, हा एकच उद्योग. खरं नाव काय ते रेशनकार्डाला ठाऊक. लोक पडदेकाका म्हणायचे आणि बायकोला आपसूक पडदेकाकू. कोणाच्या घरी गेले की त्यांची नजर आधी खिडकीवर जायची, मग माणसांवर. एकदा ओळखीतल्या एका आजाऱ्याला बघायला गेले होते. पलंगाजवळ न जाता सरळ खिडकीपाशी गेले, पडद्याच्या चुण्या सारख्या केल्या, दोन पावलं मागे येऊन बघितलं आणि मग म्हणाले, "हं, आता सांगा, ताप किती आहे?" आजारी माणूस हसून हसून घामाघूम झाला आणि ताप तिथेच उतरला. हे काका स्वतः सांगायचे, तेव्हा त्यातलं किती धरायचं ते आपण ठरवावं.

बरीच वर्षं त्यांनी हा व्यवसाय सायकलवर केला. मागे कापडाचे गठ्ठे आणि हँडलला आडव्या बांधलेल्या पडद्याच्या दांड्या. रस्त्यातली माणसं त्यांना बघून भिंतीला चिकटून उभी राहायची. एका सद्गृहस्थाची टोपी एकदा दांडीच्या टोकात अडकली आणि दोन चौक पुढे निघून गेली. काका मान खाली घालून पॅडल मारतायत, मागे ते गृहस्थ बोडक्या डोक्याने धावतायत, आणि टोपी मात्र ऐटीत पुढे. त्या दिवशी टोपी परत करताना काकांनी ठरवलं की आता गाडी घ्यायची.

गाडी मिळाली ती एका संगीतमास्तरांकडून. सेकंडहँड, उंदराच्या रंगाची, लांबच लांब, मागचं दार वर उघडणारी. मागची सीट पाडली की सगळ्यात मोठी दांडीसुद्धा आत निजायची आणि तरी पाय पसरायला जागा उरायची. मास्तर निवृत्त झाले होते, पेटी-तबला न्यायला आता गाडी लागत नव्हती. किल्ली देताना म्हणाले, "पोरीसारखी सांभाळलीय हो. आजवर एक तक्रार नाही."

काका घरी येताना भर रस्त्यात एकटेच हसत होते. आयुष्यभर दुसऱ्यांच्या खोल्या सजवल्या होत्या. ही चार चाकांवरची पहिली खोली, जी आपली स्वतःची. आठवड्याच्या आत मागच्या चारी खिडक्यांना निळे पडदे आले, अस्तर लावलेले, खाली बारीक शिसं घातलेले, म्हणजे वळणावर उडू नयेत. रविवारी सगळं घर त्या गाडीत. काका चालवायला, शेजारी काकू, मागे काकूंची आई. सासूबाईंचं वय ऐंशीच्या पुढे, पण कान आणि नाक दोन्ही तरुण.

आता एवढ्या सुखात एकच खडा होता. पेट्रोलच्या टाकीचं झाकण खुळखुळायचं. आतली रबरी रिंग वाळून तिचे तुकडे पडले होते. काकांना पडद्याची एक कडी वाजली तरी झोप लागत नसे. त्यांनी काय केलं, जाड फेल्टचे, म्हणजे दाबलेल्या लोकरी कापडाचे, दोन पदर घेतले, मापाने गोल कापले, कडेने काळ्या दोऱ्याने काजाचा टाका घातला आणि ती रिंग झाकणात बसवली. अशी बसली की जन्मापासून तिथेच होती. खुळखुळ बंद. हात चांगला चालला म्हणून आणखी अकरा करून ठेवल्या. काकांना एक काही करताच यायचं नाही, डझनच व्हायचं.

त्यानंतर दहाएक दिवसांनी समोरच्या काचेखाली, काटे असतात तिथे, एक पिवळा दिवा लागला. इंजिनाच्या आकाराचा.

"अहो, हा काय म्हणतोय?" काकूंनी विचारलं.

"काही नाही. नवीन घर आहे, रुळायला वेळ लागतो."

दिवा रुळला. इतका रुळला की जायचं नाव घेईना. गाडी मात्र मजेत पळत होती. चढ चढायची, उतार उतरायची, कधी खोकली नाही की शिंकली नाही. पण दिवा आपला जागच्या जागी. काकूंनी मास्तरांचा विषय काढला. "विकणारे सगळे असंच म्हणतात, एक तक्रार नाही. तोंडावर बोलायला हवं होतं त्यांना." काकांना ते पटायचं नाही. मास्तरांचा चेहरा खोटं बोलणाऱ्याचा नव्हता. पण दिवा तर समोर होता.

मागून सासूबाई म्हणायच्या, "मला पेट्रोलचा वास येतो."

"आई, पेट्रोलच्या गाडीला अत्तराचा वास कुठून येणार?" काका म्हणायचे, आणि सगळे हसायचे. सासूबाईसुद्धा हसायच्या आणि नाकाला पदर लावायच्या.

मिस्त्रीकडे तीन खेपा झाल्या. मिस्त्री जुना माणूस, बॉनेटला कान लावून रोग सांगणारा. तरी त्याने एक छोटं यंत्र घेतलं होतं, ते गाडीला जोडलं की गाडी आपलं दुखणं त्यावर लिहून दाखवते. यंत्र म्हणालं, टाकीतली वाफ कुठेतरी निसटतेय. मिस्त्रीने एक नळी बदलली. दिवा दोन-चार दिवस गेला, परत आला. दुसरी नळी बदलली. परत तेच. तिसऱ्या खेपेला त्याने झाकण काढून उजेडात धरलं, रिंगेवरून अंगठा फिरवला आणि म्हणाला, "झाकण बघायला नको. अस्सल कंपनीची रिंग आहे. हल्ली असं काम मिळत नाही काका. टाके बघा, जणू मशिनीने मोजून घातलेत."

आता खरं म्हणजे काकांनी इथे तोंड उघडायला हवं होतं. उघडलंही होतं थोडं. पण छातीत असं काही गोड वाटलं की शब्द बाहेर येईचना. तीस वर्षांत लोक म्हणाले होते, पडदे छान आहेत. पण कंपनीचं काम? ते कोणी म्हटलं नव्हतं. काकांनी घसा खाकरला, छताकडे बघितलं आणि म्हणाले, "हं. असेल बुवा."

एवढंच. पण या 'असेल बुवा'ने पुढचे तीन महिने खाल्ले.

दिवा डोळ्यात खुपायला लागला, तेव्हा काकांनी आपल्या धंद्याला साजेसा उपाय काढला. मरून रंगाच्या मखमलीचा आगपेटीएवढा पडदा शिवला, वरून बारीक तारेची दांडी, खाली चिमुकली झालर, आणि तो दिव्यावर लावून टाकला. काकूंनी कपाळावर हात मारून घेतला.

"अहो, दिवा झाकला म्हणजे विझला का?"

"विझला नाही. पण बघायला चांगला दिसतो की नाही?"

सासूबाईंना मात्र तो फार आवडला. गाडीत चढायच्या आधी त्या पुढच्या खिडकीतून हात घालून पडदा एका बोटाने उचलायच्या, आत डोकावायच्या आणि जाहीर करायच्या, "आहे गं. आहे अजून." आजाऱ्याच्या खोलीतून बाहेर आल्यासारख्या.

असं करता करता गाडीच्या सरकारी तपासणीची तारीख आली. शुक्रवार, सकाळी दहा. दिवा लागलेली गाडी तिथे पास होत नाही, हे मिस्त्रीने आधीच सांगून ठेवलं होतं. काकूंनी पंधरा दिवस आधी जेवणाच्या टेबलावर निकाल दिला.

"हे बघा. पास झाली तर राहू दे. नाही झाली तर पुन्हा मिस्त्री नाही, पुन्हा नळ्या नाहीत. बेकरीवाल्याला हवीय मागच्या आवारात, पिठाची पोती ठेवायला. तो शनिवारी घेऊन जाईल."

"पिठाची पोती? पडदे आहेत हो तिला!"

"मग पोत्यांना ऊन लागणार नाही."

काका जेवण झाल्यावर खाली जाऊन गाडीत बसले. किल्ली न लावता. निळे पडदे ओढून घेतले, परत उघडले. वरच्या खिडकीतून काकू बघत होत्या. त्यांना वाईट वाटलं, पण त्या शब्द फिरवणाऱ्यांपैकी नव्हत्या. काका ते जाणून होते.

आणि तपासणीच्या आदल्या आठवड्यात चमत्कार झाला. काकूंचा धाकटा भाऊ घर बदलत होता, त्याने सामान हलवायला पाच दिवस गाडी नेली. रविवारी परत आणून दिली. सासूबाईंनी नेमाप्रमाणे पडदा उचलला आणि ओरडल्या, "अगं बाई! दिवा गेला!"

सगळे धावले. खरंच गेला होता. काकांनी मेव्हण्याला मिठीच मारली. "काय केलंस रे बाबा?"

"मी? काही नाही भाऊजी," मेव्हणा जरा घाईने म्हणाला. "नुसती चालवली. काही गाड्यांना हात मानवतो एखाद्याचा." आणि चहाही न घेता निघून गेला. चहा सोडून जाणारा तो माणूस नव्हे, पण आनंदात कोणाच्या ते लक्षात आलं नाही.

सोमवारी काका शीळ घालत पेट्रोल भरायला गेले. झाकण काढलं आणि शीळ थांबली. आत त्यांची फेल्टची रिंग नव्हती! तिच्या जागी एक काळं, गुळगुळीत, बाजारू रबर. काकांना खरोखर लागलं ते. कंपनीच्या तोडीचं काम काढून त्या जागी हे! मेव्हण्याला कशातली काही पारख नाही, असं मनात म्हणत त्यांनी ते रबर काढून मापाच्या टेपसोबत खिशात टाकलं. घरी येऊन डझनातली दुसरी रिंग घेतली, झाकणात बसवली, अंगठ्याने दाबून बघितली. आता कसं शोभतं!

बुधवारी दुपारी दिवा परत आला.

सासूबाईंनी पडदा उचलला आणि नुसता खाली सोडला. त्यावरूनच सगळ्यांना कळलं.

संध्याकाळी काका टेबलापाशी हनुवटीला हात लावून बसले होते. काकू समोर येऊन बसल्या. हातात कापडावर खुणा करायचा खडू. काकांच्या कामाच्या खोलीत एक नियम होता आणि तो त्यांनी हाताखाली शिकलेल्या प्रत्येकाला घोटून पाजला होता. पडदा तिरका पडला तर खिडकीला नावं ठेवायची नाहीत, भिंतीला नाहीत, गिऱ्हाइकाला तर नाहीच नाही. आपला हात जिथे जिथे लागला तेवढंच आधी उसवायचं.

"सांगा," काकू म्हणाल्या. "रविवारी दिवा नव्हता. आज आहे. मधल्या तीन दिवसांत तुमचा हात कुठे कुठे लागला?"

"कुठे नाही गं. चालवली, पुसली…"

काकूंनी टेबलावर खडूने दोन रेघा मारल्या. "पुसली. पुढे?"

"पेट्रोल भरलं."

"आणि?"

"आणि काय? झाकण लावलं."

"जसं होतं तसंच?"

काकांनी मग खिशातून टेप काढली, आणि टेपबरोबर ते काळं रबर टेबलावर पडलं. काकूंनी ते उचललं, पिळून बघितलं, काकांकडे बघितलं.

"ते… तुझ्या भावाने बसवलं होतं. बाजारू आहे. मी माझी रिंग परत घातली."

"तुमची कुठली रिंग?"

मग सगळं निघालं. खुळखुळ, फेल्ट, काजाचा टाका, डझन. आणि हळूच, मान खाली घालून, मिस्त्रीचा अंगठा आणि 'असेल बुवा'सुद्धा. काकूंनी भावाला फोन लावला. तिकडून पाच मिनिटं आढेवेढे, मग कबुली. पंपावर झाकण गाडीच्या टपावर ठेवलं, तसंच विसरून निघाला, झाकण कुठे उडालं पत्ता नाही. ओरडा बसेल म्हणून गुपचूप तसंच दुसरं आणून लावलं.

"ताई, भाऊजी रागावलेत का?"

"अरे, तू हरवलंस म्हणून दिवा गेला होता रे गाढवा!" काकू म्हणाल्या आणि हसू आवरेना म्हणून त्यांनी फोन आईकडे दिला.

सासूबाईंनी फोन कानाला न लावता जावयाकडे बघितलं. "म्हणजे वास येत होता."

"येत होता, आई."

"फेल्टातून."

"फेल्टातून, आई."

"मग अत्तराचं काय म्हणत होतात तुम्ही?"

काकांनी दोन्ही कान धरले. मग टेबलावरचं रबर उचललं आणि टॉर्च घेऊन खाली गेले. झाकणात ते स्वतःच्या हाताने बसवताना त्यांना जड गेलं खरं. पण बसवलं, आणि झाकण तीनदा कट्कट् वाजेपर्यंत फिरवलं.

गुरुवारी उजाडताच मिस्त्रीच्या दारात. ऐकून मिस्त्री टायरवर बसून डोळे पुसायला लागला. "तुमची रिंग होती ती? अहो, मी तिचं कौतुक माझ्या भावालापण सांगितलं!" मग गंभीर झाला. "आता ऐका. मी यंत्राने दिवा पुसू शकतो. पण पुसला की तपासनिसांच्या यंत्राला ते कळतं, गाडी परत पाठवतात. तो आपला आपण जायला हवा. इंजिन पूर्ण थंड होऊ द्यायचं, मग चालवायची. असं तीन-चार वेळा. गाडीला स्वतःला पटलं की वाफ निसटत नाही, मग विझवते ती दिवा."

"उद्या दहापर्यंत पटेल?"

"ते तिच्या स्वभावावर आहे."

तो गुरुवार त्या घरात अजून आठवतात. सकाळची फेरी, मग इंजिन थंड होईपर्यंत सगळं घर पायरीवर बसून. काकूंनी पडद्यांचं दुकान बंद ठेवलं. असं कधी झालं नव्हतं. दुपारची फेरी. परत थांबा. सासूबाई दर अर्ध्या तासाने बॉनेटवर तळहात ठेवून यायच्या. "कोमट आहे." "अजून कोमट." "आता माझ्या हाताएवढी गार." की निघा. संध्याकाळच्या फेरीत तर गंमत म्हणून गल्लीतले दोन म्हातारेही चढले. कुठे जायचं नव्हतं, काही आणायचं नव्हतं. नदीच्या पुलापर्यंत जायचं आणि यायचं. काका वाटेतली एकेक इमारत दाखवायचे. "त्या तिसऱ्या मजल्यावरचे पिवळे माझे. तो दवाखाना माझा. त्या वकिलांकडे पाच वेळा माप घेतलं, दर वेळी बायको रंग बदलायची." काकूंनी या सगळ्या खिडक्यांच्या पडद्यांच्या कडा शिवल्या होत्या, पण त्या खिडक्या रस्त्यावरून अशा ओळीने कधी बघितल्या नव्हत्या. येताना त्या म्हणाल्या, "बेकरीच्या खिडक्या अगदीच उघड्या आहेत हो." काकांना त्यात काय ऐकू आलं कोण जाणे, पण त्यांनी गाडी आणखी हळू चालवली.

रात्री झोपायच्या आधी सासूबाईंनी पडदा उचलला. "आहे."

शुक्रवारी सकाळी नऊ. बॉनेट गार. तिघं गाडीत बसले. काकांनी किल्ली फिरवली. किल्ली फिरवली की सगळेच दिवे एकदम लागतात, मग एकेक करून विझतात. सासूबाईंनी मागून वाकून बोट पुढे केलं आणि पडदा उचलून धरला.

"तेलाचा गेला," काकू म्हणाल्या. "बॅटरीचा गेला."

"हा आहे," सासूबाई म्हणाल्या. "आहे… आहे… आहे…"

आणि पुढचा 'आहे' त्यांच्या तोंडात अर्धाच राहिला.

काकांनी डोळे मिटून घेतले होते. "काय झालं?"

"अहो, उघडा डोळे. आणि गाडी चालवा," काकू म्हणाल्या. त्यांचा आवाज जरा वेगळाच येत होता. "दहाची वेळ आहे."

तपासणीला एक बाई होत्या, जाड चष्मा, कानामागे पेन. चाकं बघितली, ब्रेक बघितले, यंत्र जोडलं, मान हलवली. मग वाकून आत बघितलं आणि मखमलीचा पडदा दोन बोटांनी उचलला. मागे काळोख.

"हे काय आहे?"

"पडदा आहे, बाई."

"ते दिसतंय. मागे काय आहे?"

"काही नाही!" काका म्हणाले. इतक्या आनंदाने ते वाक्य त्या जागी कोणी बोललं नसेल. "काहीच नाही, बाई! बघा ना नीट!"

बाईंनी चष्म्यावरून त्यांच्याकडे बघितलं. "दिवा झाकता येत नाही. काढा तो, मग शिक्का मारते."

काकांनी खिशातली छोटी कात्री काढून तिथल्या तिथे दोन टाके उसवले. शिक्का बसला. बाहेर पडताना काकूंनी स्वतःहून सांगितलं, "आधी मास्तरांकडे घ्या. मला त्यांची माफी मागायचीय." मास्तर दारातच भेटले. माफी कशाबद्दल हे त्यांना शेवटपर्यंत नीट कळलं नाही, पण गाडीतले पडदे बघून त्यांनी तीनदा वाहवा केली.

तो चिमुकला पडदा सासूबाईंनी मागून घेतला आणि घराच्या दारावरच्या भिंगावर लावला. आता बेल वाजली की त्या पडदा उचलून एक डोळा लावतात आणि कोण आहे ते आत सांगतात. शनिवारी सकाळी असंच झालं.

"बेकरीवाले आलेत गं. दोरखंड घेऊन."

काकूंनी त्यांना खालीच गाठलं, शिक्का दाखवला, आणि बेकरीच्या खिडक्यांचा विषय काढला. बेकरीवाले तसे समजूतदार. दोरखंड खांद्यावर टाकून गाडीभोवती एक फेरी मारली, मागचं दार उघडून आतला निळा पडदा हातात घेतला, अस्तर चाचपलं, खालचं शिसं तळहातावर तोललं.

"सुंदर आहेत हो," ते म्हणाले. "कंपनीचेच ना हे?"

मागोमाग खाली आलेल्या काकांनी घसा खाकरला. त्यांची नजर आभाळाकडे वळायला लागली. तेवढ्यात काकू शेजारून आणि सासूबाई वरच्या खिडकीतून एका सुरात ओरडल्या,

"नाही! घरचे आहेत!"

"घरचे आहेत," काका म्हणाले, आणि माप घ्यायला खिशातून टेप काढली.